हळदीच्या रानातील बाळपण

1 मे 1999 रोजी परभणीपासून विभक्त झालेल्या हिंगोली जिल्ह्यात, विशेषतः वसमत तालुक्याच्या काळ्या रानांत, हळदीची काढणी सुरू झाली म्हणजे लेकुरवाळ्या घरांचा सारा दिनक्रम तिच्याभोवती फिरू लागतो. आणि त्या दिवसांतील मातेची ओढाताण कोणत्याही दप्तरात दाखल होत नाही, याचे मला मनापासून वैषम्य वाटते.

लुगड्याची झोळी बाभळीला बांधावी, तीत तान्ह्याला निजवावे, दोरी थोरल्या बहिणीच्या हाती द्यावी आणि आपण कंद मोडण्यास बसावे, ही तेथील पिढीजात व्यवस्था. हळद शिजविण्याच्या कढईपासून धावत्या पोराला राखणे मात्र आजीचेच काम. मोडलेल्या कंदांशी खेळलेल्या मुलाची बोटे न्हाणीत कितीही चोळली, तरी नखांच्या कडा पिवळ्या त्या पिवळ्याच.

रात्री हीच आजी नामदेवाची कथा सांगते. परंपरेने त्याचे जन्मस्थान मानलेले नरसी ह्याच जिल्ह्यातले असल्यामुळे, देवाने नैवेद्य खावा म्हणून हटून बसलेला तो बालक मुलांना शेजारच्या गावचा सवंगडी वाटतो, आणि ताटावर रुसलेले पोरही निमूटपणे दोन घास घेते.

2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्यातून आलेल्या अंगणवाडीने पोषण आहाराचा व वजनाच्या नोंदीचा मोठा आधार दिला. परंतु तिचे दार मिटते तेव्हा रानातील काम ऐन भरात असते, आणि ज्या घरी आजी नाही, त्या घरची माता मूल पाठीशी घेऊनच कामाला लागते.