शस्त्रक्रियेनंतरचा न्यूमोनिया आणि तासाभराची चाचणी

अन्ननलिका किंवा फुप्फुसाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वेदनेमुळे रुग्ण नीट खोकत नाही. साचलेल्या कफात जंतू वाढून न्यूमोनिया होऊ शकतो. खारघरला असलेल्या टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेकसारख्या कर्करोग संस्थांना ही गुंतागुंत अनोळखी नाही. कफातील जंतू वाढवून ओळखण्याच्या चाचणीचा, म्हणजे कल्चरचा, अहवाल यायला २-३ दिवस लागतात. तोवर प्रतिजैविके अंदाजानेच द्यायची. मल्टिप्लेक्स पीसीआर चाचणी श्वासमार्गातील स्रावात जंतूंची जनुके थेट शोधते आणि साधारण तासाभरात अनेक जिवाणू-विषाणू ओळखते. एनडीएम, ऑक्सा-४८ यांसारखी जंतूंना औषधरोधक बनवणारी जनुकेही तिच्यात सापडतात; भारतीय अतिदक्षता विभागांत खरे मोल याचेच. मात्र मेलेल्या किंवा नुसत्याच वस्तीला असलेल्या जंतूंमुळेही ती पॉझिटिव्ह येते. शिवाय ती महाग, आणि यादीबाहेरचा जंतू तिला दिसत नाही. त्यामुळे कल्चर सोबत करावेच लागते.