दोन अंश मागे

डेटोना ५०० या शर्यतीचं १९७६ साल लोकांच्या लक्षात आहे ते शेवटच्या फेरीतल्या अपघातामुळे. रिचर्ड पेटी आणि डेव्हिड पिअर्सन एकमेकांवर आदळले, पिअर्सनने मोडकी गाडी कशीबशी रेषेपार रेटली आणि जिंकला. माझं मन मात्र कित्येक वर्षं त्याआधीच्या एका तपासणीत अडकून पडलं आहे. पात्रता फेरीत ए. जे. फॉइटने ताशी १८७.४७७ मैलांचा वेग काढला, म्हणजे तीनशे किलोमीटरच्या वर. त्याच्यामागे डॅरेल वॉल्ट्रिप आणि डेव्ह मार्सिस. मग तपासनीस गाड्यांमध्ये शिरले. फॉइट आणि वॉल्ट्रिप यांच्या गाड्यांत नायट्रस ऑक्साइडची चोरटी सोय असल्याचा ठपका आला, तर मार्सिसच्या गाडीत रेडिएटरपुढची हवा अडवणारी हलती पट्टी निघाली. तिघांच्याही वेळा रद्द झाल्या. रामो स्टॉट आणि टेरी रायन ही फारशी कुणाला ठाऊक नसलेली नावं पहिल्या रांगेत जाऊन बसली.

फॉइट काही ऐरागैरा नव्हता. तोवर इंडियानापोलिस तीनदा आणि डेटोना एकदा जिंकलेला माणूस. तो भडकला यात नवल नाही. लबाडी कुणी केली यावर अमेरिकेत भरपूर लिहिलं गेलं आहे. मला त्यात रस कमी. माझा प्रश्न गॅरेजमधला आहे: एवढा वायू आत सोडायचा तर ठिणगीचं काय करायचं?

कारण नायट्रस म्हटलं की माणसं बाटलीविषयी विचारतात. निळी बाटली, लाल बटण, २००१च्या ‘द फास्ट अँड द फ्युरियस’मध्ये लांबलचक होणारे रस्त्यावरचे दिवे. त्या चित्रपटाने एका पिढीचा समज करून दिला की हा वायू जळतो. तो जळत नाही. हम्फ्री डेव्हीने १७९९च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये जो हुंगून हुंगून पाहिला आणि पुढे दातांच्या डॉक्टरांनी उचलला, तोच हा हसवणारा वायू. साधारण तीनशे अंश सेल्सिअसला त्याचा रेणू फुटतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. हवेत वजनाने ऑक्सिजन २३ टक्के, यात ३६. जास्त ऑक्सिजन, म्हणून जास्त पेट्रोल जाळता येतं. शिवाय द्रवरूपातून बाहेर पडताना तो उणे ८८ अंशांना उकळतो, त्यामुळे आत जाणारी हवा गारठते आणि दाटही होते. रसायनशास्त्र एवढंच.

ही युक्ती शर्यतवाल्यांची नव्हे, जर्मन हवाई दलाची. दुसऱ्या महायुद्धात ओटो लुट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती विमानाच्या इंजिनाला जोडली. अधिकृत नाव जीएम-१. वैमानिक तिला ‘हाहा यंत्र’ म्हणत. मेसरश्मिट १०९च्या काही प्रकारांत आणि पुढे टांक १५२ एच या उंच उडणाऱ्या विमानात ती होती. आता खरी गंमत. हे यंत्र वर, विरळ हवेत वापरायचं होतं. सुपरचार्जरचा दम संपला, इंजिन अर्धपोटी राहिलं, की त्याचं पोट भरायला वायू. खालच्या दाट हवेत जादा ताकद हवी असेल तर त्यांच्याकडे दुसरं औषध होतं, पाणी आणि मिथेनॉलचं, एमडब्ल्यू-५० नावाचं. खाली इंजिन आधीच ठोकण्याच्या, म्हणजे मिश्रण आपोआप भडकण्याच्या, काठावर असतं. तिथे आणखी ऑक्सिजन कोंबणं म्हणजे काठावरून ढकलणं, तिथे हवं ते थंड करणारं काही. युद्धातल्या इंजिनियरांना हा फरक पक्का कळला होता.

डेटोना समुद्रकिनाऱ्यावर आहे. पुण्या-मुंबईतला हौशी गाडीवालाही फार उंचावर नाही. म्हणजे जर्मनांनी उपाशी इंजिनासाठी जे राखून ठेवलं, ते आपण भरल्या ताटावर वाढतो. नायट्रसची किट विकणाऱ्यांच्या जाहिरातीत हे वाक्य मला आजवर दिसलेलं नाही, आणि दिसेलसं वाटत नाही. माइक थर्मोस आणि डेल व्हॅझनेयन यांनी १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात या बाटल्यांचा धंदा रीतसर उभा केला, तेव्हापासून बाटली पुढे आणि ठिणगी मागे असाच क्रम पडला आहे.

तर ठिणगी. पिस्टन वर येत असताना, माथ्याला पोहोचण्याआधीच प्लग पेटतो, कारण ज्योत पसरायला वेळ लागतो. दाबाचा कळस पिस्टन माथ्यावरून खाली वळल्यावर, क्रँकच्या साधारण १२ ते १५ अंशांवर यावा, म्हणजे तो पिस्टनला नीट खाली ढकलतो. नायट्रस आलं की जळण दाट होतं आणि भराभर पेटतं. ठिणगीचं टायमिंग जुनंच ठेवलं तर कळस लवकर येतो, वर येणाऱ्या पिस्टनच्या थेट डोक्यात. कोपऱ्यात उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं, इंजिन ठोकायला लागतं, आणि भरधाव गाडीत तो आवाज ऐकू येईस्तोवर पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटलेली असते. म्हणून मेस्त्री मंडळींचा जुना ठोकताळा: पन्नास जादा अश्वशक्तीमागे ठिणगी दोन अंश मागे. इंजिन माथ्याआधी ३४ अंशांच्या ठिणगीवर सुखाने चालत असेल आणि किट शंभरची असेल, तर ३०वर यायचं. पूर्वी डिस्ट्रिब्युटर सैल करून हलकेच फिरवत. आता वायू सुरू असतानाचा टायमिंगचा नकाशा कॉम्प्युटरमध्ये वेगळा लिहितात. काही जण नॉक सेन्सरवर भिस्त ठेवतात. मला ते पटत नाही. सेन्सर ठोका पडल्यानंतर बोलतो.

याच हिशोबाचा दुसरा भाग लोक विसरतात. नोझलमधून वायू सेकंदाच्या मापाने येतो, इंजिन मात्र फेऱ्यांच्या मापाने श्वास घेतं. ६,००० फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला जेवढं येतं, त्याच्या दुप्पट ३,०००वर येतं. म्हणून थ्रॉटल पूर्ण उघडल्याशिवाय आणि फेऱ्या साधारण तीन हजारांच्या वर गेल्याशिवाय वायूची झडप उघडणाऱ्या सोलेनॉइडला वीजच मिळू नये, अशी जोडणी करतात. पेट्रोलचा दाब पडला की वायू बंद करणारा स्विचही त्याच वायरीत. बटण ही फक्त चैन आहे.

आता प्लग. दाट मिश्रणातून ठिणगी उडी मारायला जास्त व्होल्टेज मागते, म्हणून फट कमी करायची: १.१ मिलिमीटरची ०.८ ते ०.९वर. कॉइल आणि वायरी थकलेल्या असतील तर आधी त्या बदलायच्या, कारण ऐन जोरात ठिणगी चुकली की न जळलेलं मिश्रण मॅनिफोल्डमध्ये किंवा सायलेन्सरमध्ये धडाका उडवतं. आणि प्लग ‘थंड’ घ्यायचा, म्हणजे टोकाची उष्णता लवकर हेडमध्ये सोडणारा. तापून लाल झालेलं टोक ठिणगीची वाटच पाहत नाही. स्वतःच पेटवून मोकळं होतं. शंभरच्या आसपासच्या किटला एक पायरी थंड, त्यापुढे दोन.

पायरी कुठल्या दिशेने मोजायची, यात मात्र सगळी मेख आहे. एनजीके आणि डेन्सो यांचा आकडा वाढला की प्लग थंड. चँपियन आणि बॉश यांचा आकडा घटला की थंड. बरं, बॉशचंही नेहमी असंच नव्हतं. त्यांच्या जुन्या पद्धतीत १७५पेक्षा २२५ थंड; पुढे छोटे आकडे आणले आणि दिशाच उलटवली. आपल्याकडे मायकोच्या, म्हणजे बॉशच्याच भारतीय कंपनीच्या, डब्यांवर वाढलेली पिढी जुनेच आकडे तोंडपाठ धरून बसली. ‘एक नंबर वरचा दे’ असं काउंटरवर सांगणारा माणूस कंपनी बदलली की नेमका गरम प्लग घरी आणतो. नायट्रसच्या इंजिनात ही एवढी चूक पिस्टनला भोक पाडायला पुरते.

पेट्रोलचं प्रमाण थोडक्यात उरकतो, कारण सूत्र सरळ आहे. वजनाने साडेनऊ भाग नायट्रसला एक भाग पेट्रोल हे पुस्तकी प्रमाण; प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त पेट्रोल देतात, कारण जादा पेट्रोल थंड करतं आणि कमी पेट्रोल वितळवतं. गोची बाटलीच्या दाबाची. जेट ९०० ते ९५० पीएसआय धरून निवडलेले असतात. अमेरिकेत थंडीत बाटलीला गुंडाळायला हीटरची पट्टी विकतात. आपल्याकडे प्रश्न उलटा. नायट्रसचं क्रांतिक तापमान ३६.४ अंश आहे. त्यापलीकडे बाटलीत द्रव आणि वायू असा भेदच राहत नाही आणि दाब हजाराच्या पुढे सरकतो. मे महिन्यात डिकीत पडलेली बाटली तिथवर सहज जाते. मग पेट्रोल जेटप्रमाणे, वायू उन्हाप्रमाणे, अशी भट्टी बिघडते आणि सकाळी बेतलेलं टायमिंग दुपारी धोक्याचं ठरतं. देशातल्या गॅस सिलिंडरांवर देखरेख करणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय नागपुरात, म्हणजे पंचेचाळीस अंशांच्या गावात आहे, ही एक मौजच.

कायद्याची बाजूही कोरडीच आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार नोंदणीतला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असे बदल चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो मुद्दा आणखी आवळला. म्हणजे हा सगळा खटाटोप रस्त्यावरचा नव्हे, बंद धावपट्टीवरचा. तिथे लॅपटॉप घेऊन येणारे पुष्कळ असतात. माझं लक्ष प्लग काढणाऱ्याकडे जातं.

त्याची पद्धत ठरलेली. नवे प्लग बसवायचे, वायूसह एक जोरकस धाव मारायची, शेवटी थ्रॉटल पूर्ण उघडा असतानाच क्लच दाबून चावी बंद करायची आणि गाडी घरंगळत थांबवायची. ती हळूहळू चालवत परत आणली तर प्लगवरची नोंद पुसली जाते. मग भिंग. वाकलेल्या पट्टीवर उष्णतेने रंग बदलल्याची एक रेघ असते. ती वळणाच्या आसपास असली तर टायमिंग बरोबर. टोकाकडे सरकली असेल तर ठिणगी उशिरा पडते आहे. बुंध्याकडे गेली असेल तर आणखी दोन अंश मागे. पांढऱ्या चिनीमातीवर मिऱ्याच्या पुडीसारखे काळे ठिपके दिसले, तर इंजिन ठोकू लागलं आहे. ठिपके चंदेरी असतील तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. तेव्हा टायमिंगची चर्चा थांबवून बाटलीचा नळ बंद करायचा आणि हेड उतरवायला घ्यायचं.