आउट्रम: आडनाव डर्बीशायरचं, वाढ ॲबरडीनची

धरणगावात भिल्ल पलटणीचा विषय निघाला की जेम्स आउट्रमचं नाव येतंच. १८२५ मध्ये ही पलटण उभी राहिली तेव्हा तिचं मुख्य ठाणं धरणगावला होतं आणि तिचा हा अधिकारी जेमतेम बावीस वर्षांचा होता. कन्नड-चाळीसगाव रस्त्यावरच्या घाटालाही आपण औट्रम घाट म्हणतो. नाव एवढं ओळखीचं, पण त्याच्या मुळाबद्दल चुकीचं बरंच सांगितलं जातं.

पहिला गैरसमज, आउट्रम हे स्कॉटिश आडनाव आहे. ते इंग्लंडचं आहे. जेम्सचा जन्म २९ जानेवारी १८०३ रोजी डर्बीशायरमधल्या बटर्ली इथे झाला. वडील बेंजामिन कालवे आणि लोहमार्ग बांधणारे अभियंता. ते १८०५ मध्ये वारले आणि आई मार्गारेट मुलांना घेऊन १८१० मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनशायरला गेली. जेम्सचं शिक्षण तिथेच झालं, म्हणून तो स्कॉटिश समजला जातो. खरं स्कॉटिश आडनाव होतं ते आईच्या माहेरचं, अँडरसन. तिचे वडील डॉ. जेम्स अँडरसन शेतीवर लिहिणारे नामांकित लेखक. अँडरसन म्हणजे अँड्र्यूचा मुलगा, आणि संत अँड्र्यू हा स्कॉटलंडचा रक्षक संत. आडनाव बापाकडून येतं, पण माणूस ज्या घरात वाढला ते घर त्यातून कळत नाही. आउट्रमच्या बाबतीत तर ते आईमुळे उभं राहिलेलं घर होतं.

दुसरा गैरसमज अधिक पसरलेला आहे: 'ट्राम' हा शब्द 'आउट्रम'चं शेपूट तोडून झाला. बेंजामिनने १७९५ मध्ये लिटल ईटनचा लोहमार्ग बांधला. त्यावर घोडे कोळशाच्या गाड्या ओढत. सॅम्युअल स्माइल्सने जॉर्ज स्टीफन्सनच्या चरित्रात लिहिलं, की असे रस्ते आधी 'आउट्रम रस्ते' आणि मग थोडक्यात 'ट्राम रस्ते' झाले. वाचायला गोड, पण काळ जुळत नाही. बेंजामिन १७६४ चा, आणि हा शब्द त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून वापरात होता. हातगाडीच्या दांड्यांना, पुढे खाणीतल्या गाडीला ट्राम म्हणत. मुळाशी लाकडी तुळईचा अर्थ आहे.

आणखी एक. पलटण आउट्रमने एकट्याच्या मनाने काढली, असं मानणं बरोबर नाही. भिल्लांशी लढत राहण्यापेक्षा त्यांनाच सैन्यात घ्यावं, हे मुंबई सरकारचं धोरण होतं आणि तेव्हा गव्हर्नर होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. आउट्रमचं श्रेय वेगळं आहे, आणि ते मोठं आहे: तो डोंगरात जाऊन भिल्लांमध्ये राहिला, त्यांच्यासोबत शिकारीला गेला, आणि त्या विश्वासावर माणसं पलटणीत आली. धरणगावच्या इतिहासात स्कॉटिश आडनाव शोधायचंच असेल तर ते एल्फिन्स्टनचं. एडिंबराच्या पूर्वेला ईस्ट लोदियनमध्ये त्या नावाचं गाव आजही आहे.