नांगी नसलेला विंचू

हुडकेश्वरसारख्या शेतशिवारालगत वाढलेल्या परिसरात विंचवाची भीती कोणालाच नवी नाही. ती भीती रास्तही आहे. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने अनेकांचे प्राण गेले, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाची उपयुक्तता दाखवून दिल्यानंतर हे मृत्यू पुष्कळ घटले. परंतु विंचवासारखा दिसणारा प्रत्येक जीव विंचू नसतो, हे आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

जुन्या ग्रंथाच्या पानांत कधी तांदळाच्या दाण्याहूनही लहान, तपकिरी, चपटा जीव आढळतो. त्याला आठ पाय आणि पुढे दोन चिमटे असतात. शास्त्रात त्यास स्यूडोस्कॉर्पियन म्हणतात; आपण आभासी विंचू म्हणू. ओळखीची मुख्य खूण एकच: त्याचे पोट मागे गोलाकार संपते, शेपूट व नांगी नसते. खऱ्या विंचवाच्या नवजात पिलालाही शेपूट असते. स्पर्श होताच आभासी विंचू चिमटे आखडून झपाट्याने मागे सरकतो. अनेक जातींच्या चिमट्यांत विष असते. पण ते सूक्ष्म भक्ष्यापुरतेच, माणसाला निरुपद्रवी.

झाडाची सुटलेली साल, दगडाखालची जागा, कुजणारा पालापाचोळा, पक्ष्यांची घरटी ही त्याची वसतिस्थाने. एलिंगसेनिअस इंडिकस ही जात तर मधमाश्यांच्या पोळ्यात राहते. पंख नसल्यामुळे काही जाती माशीचा किंवा भुंग्याचा पाय चिमट्यात धरून दूरवर जातात. जबड्यातून निघणाऱ्या रेशमाने ते कात टाकण्यासाठी लहानशी कोठडी विणतात. मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत वागवते.

इंग्लंडच्या रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्येच आपल्या सूक्ष्मदर्शकाच्या ग्रंथात या जीवाचे चित्र दिले. भारतीय जातींवर मूर्ती व अनंतकृष्णन यांचा ग्रंथ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला.

ग्रंथालयात तो आढळल्यास औषध फवारण्याची घाई करू नये. पुस्तकांतील बारीक उवा व कोळीकीटक हे त्याचे अन्न, आणि उवा वाढतात त्या ओलाव्यात. म्हणून कपाट उघडून पुस्तकांना वारा द्यावा. निरीक्षणासाठी पालापाचोळा पांढऱ्या कापडावर झटकावा, भिंगातून पाहावे आणि पाहून झाल्यावर त्या जीवाला जागच्या जागी सोडावे.

नांगी दिसली तर हात लावू नये. दंश झाल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे. नांगी नसेल, तर चप्पल उचलण्यापूर्वी भिंग उचलावे, एवढीच आमची पालकांना व माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे.