बोटीने आलेली गीते, भीमेकाठची चाल

रविवारी सकाळी सोलापुरातल्या मराठी उपासनेला जाऊन बसलात, तर मंडळींच्या हाती एक जाड पुस्तक दिसेल : ‘उपासना संगीत’. पाळक गीताचा क्रमांक सांगतात, पाने सळसळतात, पेटीवर सूर धरला जातो. पहिल्या गीताची चाल सरळ अमेरिकेतली. दुसऱ्याला तबल्याचा ठेका सुरू झाला, की डोळे मिटून ऐकणाऱ्याला वाटावे, आपण पंढरपूरच्या एखाद्या फडावर बसलो आहोत. हे दोन सूर एका पुस्तकात कसे आले, ती कथा मला फार मोलाची वाटते.

अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईला उतरले, 1831 मध्ये नगरला पोचले. सोलापुरात रेल्वे आली 1860 मध्ये आणि त्याच दशकात मिशनही आले. त्यांच्या मायदेशी तेव्हा भक्तिगीतांना बहर होता. विल्यम ब्रॅडबरी (1816–1868) चाली बांधी, गीतांची पुस्तके छापी, शिवाय पियानोही विके. नगरचे मिशनरी हेन्री बॅलंटाइन 1835 मध्ये इकडे आले आणि त्यांनी इंग्रजी गीते मराठीत उतरवायचे काम निष्ठेने केले. त्या कष्टांविषयी मला आदरच आहे. पण अडचण भाषेतच होती.

इंग्रजी गीताच्या एका नेहमीच्या साच्यात आठ आणि सहा अक्षरांच्या ओळी आलटून पालटून येतात आणि दर दुसऱ्या अक्षरावर जोर पडतो. मराठीत असा जोर नाही. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाचे राज्य. त्या चालीत मराठी शब्द बसवले, की ऱ्हस्व अक्षरावर सूर रेंगाळतो आणि दीर्घ अक्षर घाईने उरकावे लागते. उलट मोठा अभंग पाहा. सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरे. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक. ऱ्हस्व-दीर्घाचे बंधन नाही, गाणाऱ्याचा गळा ते सांभाळून घेतो. म्हणून तर अक्षरओळख नसलेल्या माणसालाही शेकडो अभंग पाठ असत.

ही नाडी ओळखली कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी (1834–1908). अमेरिकन मराठी मिशनमधल्या या गृहस्थांनी भक्तिगीते देशी पदांच्या वळणाने लिहिली. त्याच काळात नगरकडे ख्रिस्ती कीर्तनही उभे राहिले : तोच पूर्वरंग, तीच पदे, कथा मात्र येशूची. सांगळ्यांचे नाव आज चर्चबाहेर कोणी घेत नाही, याचे वाईट वाटते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) त्यांच्यानंतरचे. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. ‘अभंगांजली’ त्याच पुलावरची. त्यांच्या धर्मांतरानंतर दुरावलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही काळ आपल्या पंढरपुरात राहिल्या होत्या. पुढे त्यांनीही बाप्तिस्मा घेतला आणि टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांनी पुढे नेले. ज्या गावी विठोबाच्या दारी अभंग दुमदुमतो, तिथे त्या बाईंनी केवढा मनाचा तिढा सोसला असेल! टिळकांची गीते गाताना मला दर वेळी लक्ष्मीबाईंची आठवण होते.

आणि ऐका, ही वाट एकेरी राहिली नाही. सांगळ्यांच्या एका गीताचे इंग्रजी भाषांतर मिशनरी आल्डन क्लार्क यांनी केले. अमेरिकेतल्या गीतसंग्रहांत ते छापले गेले, चालीसह. त्या चालीचे नाव तिथेही ‘तन मन धन’ असेच आहे. ब्रॅडबरींच्या देशातले लोक मराठी चालीवर गाऊ लागले!

आता एक काळजी. बहुतेक घरांत असलेल्या ‘उपासना संगीत’मध्ये गीतांचे शब्द आहेत, स्वरलिपी नाही. चाल राहते ती गळ्यात. सोलापूरच्या जुन्या मंडळ्यांत जुन्या वळणाने गाणाऱ्या आजीबाई अजून असतील. तरुण गायनमंडळांना माझी कळकळीची विनंती आहे : या रविवारी उपासना सुटली, की त्यांच्याजवळ बसा, मोबाइल पुढे ठेवा आणि त्यांना गीत म्हणायला सांगा. सगळी कडवी म्हणू द्या, मध्ये थांबवू नका.