भाषणाचा कस दुसऱ्या दिवशी लागतो

जयंती आली की गावोगावी स्टेज उभे राहते. वक्ता घसा ताणून बोलतो, टाळ्या पडतात, हारतुरे होतात. पण सकाळी कामावर जाताना कालच्या भाषणातले आपल्या हाती काय उरले? भाषणाचा खरा कस टाळ्यांनी नव्हे, दुसऱ्या दिवशीच्या वागण्याने लागतो.

हा धडा बाबासाहेबांनीच घालून दिला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेतून उठून माणसे थेट चवदार तळ्यावर गेली. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच त्यांनी आयाबहिणींना सांगितले, जातीची खूण पटवणारा पेहराव आणि दागिने टाकून द्या. दुसऱ्याच दिवशी बायांनी लुगडे नेसण्याची तऱ्हा बदलली.

आपल्या बीड जिल्ह्यात याच वाटेने चालले ते मानवी हक्क अभियानाचे ॲड. एकनाथ आव्हाड. लोक त्यांना जिजा म्हणत. दुकडेगावच्या मातंग कुटुंबात, एका पोतराजाच्या घरी त्यांचा जन्म झाला. अंधश्रद्धा सोडा, असे सांगणारे पुष्कळ असतात. जिजांनी आधी स्वतःच्या वडिलांच्या पोतराजकीच्या जटा कापल्या, मग जगाला सांगितले. बाबासाहेब सर्व दलितांचे, हे ते मातंग समाजाला सांगत राहिले आणि २००६ साली त्यांनी स्वतः बौद्ध धम्म स्वीकारला. वक्त्याच्या शब्दाला वजन येते ते असे, घरातून.

दुसरे वजन कामाचे. अभियानाने भूमिहीनांच्या गायरान जमिनींचा लढा मराठवाडाभर नेला. पूर्वी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी जो सत्याग्रह केला, त्याचीच ही पुढची पायरी. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरानावरील वहिवाट नियमित करण्याचे ठरले. तारीख पाहा, भीमजयंतीची! पण नुसत्या घोषणेने सातबारा होत नाही. तलाठ्याच्या एक-ई नोंदवहीत नाव, पंचनामा, दंडाची पावती, असा पुरावा लागतो. ज्या दंडाची गरिबाला धास्ती, त्याचीच पावती त्याच्या कसवणुकीची साक्ष देते. सभेतला आवेश असा कागदापर्यंत पोहोचला तरच जमीन हाती राहते.

आज तर त्याची निकड जास्त आहे. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामायिक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा मिळाला असेल, अशा प्रकरणांना मात्र त्यात अपवाद ठेवला आहे. म्हणजे ज्याच्याकडे कागद, त्याला आधार. जमीन वर्षानुवर्षे कसली, पण पेटीत काहीच नाही, त्याने काय दाखवायचे?

२५ मे २०१५ रोजी जिजा गेले. त्यांच्यासारखे बोलणे सर्वांना साधणार नाही, पण त्यांची रीत उचलता येईल. यंदाच्या जयंतीत स्टेजच्या बाजूला एक टेबल मांडा. शिकलेल्या दोन पोरापोरींना तेथे बसवा. कोणाचा जातीचा दाखला अडला, कोणाची गायरानाची नोंद राहिली, ते लिहून घ्या. आणि सोमवारी त्या माणसाबरोबर तहसील गाठा.

जयभीम!