पहिले घर आणि आयकरातील सवलती

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्याने घर बांधले त्यालाच खरी कळते. आयुष्यभराची शिल्लक घातली तरी कर्ज काढावेच लागते. अशा कुटुंबांना आयकर कायद्याने काही सवलती दिल्या आहेत. परंतु त्यांच्या अटी ठाऊक नसल्याने अनेक करदाते त्यांना मुकतात. येथे दिलेली कलमे १९६१ च्या अधिनियमातील आहेत. १ एप्रिल २०२६ पासून त्याऐवजी २०२५ चा अधिनियम लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात, हे ध्यानी घ्यावे.

व्याज व मुद्दल

स्वतः राहावयाच्या घरासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज कलम २४ (ब) अन्वये वर्षाला २ लाख रुपयांपर्यंत उत्पन्नातून वजा करता येते. मात्र ज्या आर्थिक वर्षात कर्ज घेतले ते संपल्यापासून ५ वर्षांत बांधकाम पुरे झाले पाहिजे. अन्यथा ही मर्यादा ३० हजारांवर येते. बँकेस फेडलेले मुद्दल, तसेच मुद्रांक व नोंदणी शुल्क, कलम ८०-सी खालील १.५ लाखांच्या एकूण मर्यादेत धरले जाते. ताबा मिळाल्याचे आर्थिक वर्ष संपल्यापासून ५ वर्षांच्या आत घर विकल्यास ही दुसरी सवलत परत जाते व ती रक्कम उत्पन्नात मिळविली जाते.

पहिल्या घराची खास सवलत

१ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ या काळात कर्ज मंजूर झाले, त्या दिवशी कर्जदाराच्या नावावर अन्य घर नव्हते आणि घराचे मुद्रांक मूल्य ४५ लाखांपेक्षा अधिक नव्हते, तर कलम ८०-ईईए अन्वये आणखी १.५ लाखांपर्यंत व्याज वजा होते. नव्या कर्जास ही सवलत नाही.

वजावट म्हणजे करमाफी नव्हे

वरील वजावटी जुनी करप्रणाली निवडणाऱ्यासच मिळतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी प्रणाली आपोआप लागू होते व तीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही. तेव्हा दोन्ही प्रणालींत कर किती येतो, याचा हिशेब आधी मांडावा आणि विवरणपत्र मुदतीत भरावे.

वजावट उत्पन्नातून होते, करातून नव्हे. जुन्या प्रणालीत २० टक्के दराने कर भरणाऱ्यास २ लाखांच्या वजावटीने ४० हजार रुपये कर व त्यावरील ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ४१,६०० रुपये वाचतात.

गोव्यातील दांपत्यांसाठी

पोर्तुगीज नागरी संहितेतील समाईक मालमत्तेची पद्धत ज्यांना लागू आहे, अशा पती-पत्नींचे वेतनाखेरीज अन्य उत्पन्न कलम ५-ए अन्वये निम्मे-निम्मे वाटले जाते. घराच्या व्याजाची वजावट ‘घर मालमत्ता’ या सदरात येत असल्याने तीही विभागली जाते.

समजा, एका शिक्षकाने स्वतःच्या नावे घर घेतले, वर्षाला २ लाख रुपये व्याज भरले आणि पत्नीस काही उत्पन्न नाही. शिक्षकाचे वेतन पूर्णपणे त्याच्याच नावे राहते. वजावट मात्र १ लाखाचीच त्याच्या वाट्यास येते. परिणामी ४१,६०० ऐवजी २०,८०० रुपयेच वाचतात. विवाहपूर्व कराराने मालमत्ता विभक्त ठेवलेल्या दांपत्यास हा नियम लागू होत नाही. विवरणपत्रात यासाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे. ते भरण्यास विसरू नये.

मुद्दल व व्याज वेगवेगळे दाखविणारा बँकेचा दाखला, शुल्काच्या पावत्या आणि ताबापत्र जपून ठेवावे. शेवटी एवढेच लक्षात असावे, की वीस रुपये कर वाचावा म्हणून शंभर रुपये व्याज भरणे हा शहाणपणा नव्हे. कर्ज हप्ता पेलेल इतकेच काढावे. सवलत ही त्या ओझ्यास लावलेला हात आहे, ओझे उचलणारा खांदा नव्हे.